खारू कुठल्या दारानं गेली?

१

शनिवारी दुपारी खारू नाहीशी झाली. आणि तीही कुठून, तर कौटुंबिक न्यायालयाच्या भेटीच्या खोलीतून. त्या खोलीतला एक खडू हरवला तरी समुपदेशक बाई टेबलाखाली वाकून शोधून काढायच्या, आणि तिथून आता दहा वर्षांची पोर गेली होती.

खोलीला दोन दारं होती. ही युक्ती बाईंचीच. वेगळे झालेले आईबाप मुलाची ने-आण करताना समोरासमोर आले की फाटकातच जुंपायची, आणि मूल मध्ये उभं. म्हणून एक दार पुढच्या व्हरांड्यात उघडायचं आणि दुसरं मागच्या आवारात. एकानं मुलाला पुढून सोडून निघून जायचं. मूल थोडा वेळ खेळायचं, आणि मग बाई मागच्या दाराची वरची कडी काढून त्याला दुसऱ्याच्या हवाली करायच्या.

पेन्सिली कुरतडायची म्हणून सगळे तिला खारू म्हणत. त्या दुपारी आईनं तिला पुढच्या दारातून आत सोडलं. खारूनं दप्तर खुर्चीवर ठेवलं आणि डाव्या हातानं ठोकळ्यांचा डबा ओढला. तिचा उजवा हात कोपरात सरळ व्हायचा नाही.

तेवढ्यात बाईंच्या केबिनमधला फोन वाजला. खारूचा मामा होता. "बाई, सख्खी आई जिवंत असताना पोर परगावी पाठवायची? हे लिहिताना तुमचा हात नाही थरथरला?" बाई त्याला समजावत राहिल्या, तो ओरडत राहिला. शेवटी फोन आदळून त्या बाहेर आल्या तर खोली रिकामी. दप्तर खुर्चीवर होतं आणि ठोकळे डब्यात.

बाईंनी पुढचं दार उघडलं. समोरच्या बाकावर खारूची आई बसली होती.

"खारू बाहेर आली का?"

"नाही. तुमच्याकडेच आहे की!"

बाई धावत मागच्या दाराशी गेल्या, कडी काढली. आवारात बाप आपल्या गाडीला टेकून उभा होता. फ्रीज दुरुस्तीचा त्याचा धंदा, गाडी कायम सुट्या भागांनी भरलेली.

"अजून किती वेळ, बाई?" तो म्हणाला. "आणि खारू कुठंय?"

२

पुढचा गोंधळ साऱ्या इमारतीनं ऐकला. बाप तावातावानं आत आला, आई बाकावरून उठली. "हिनंच लपवलंय!" "यानंच पळवलंय!" आई पोहायला शिकवायची, तलावाच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाईल असा तिचा आवाज. बापही काही कमी नव्हता. शेवटी "मीच शोधतो माझ्या पोरीला," असं म्हणत तो गाडी घेऊन भरधाव निघून गेला.

फौजदार आले. त्यांनी खोली बघितली, दोन्ही दारं बघितली आणि सरळ हिशेब मांडला. "मागच्या दाराची कडी आतून लागलेली होती. वरची कडी, पोरीचा हात पोचणार नाही. आणि बाहेर पडल्यावर आतून कडी लावता येत नाही. म्हणजे पोर पुढच्या दारानं गेली. पुढच्या दाराशी आई होती. बाई, यात कोडं काय आहे?"

बाईंना बसवेना. त्या खिडकीशी जात, परत येत, खुर्ची सरळ करत, पुन्हा वाकडी करत. कोडं त्यांना आईत दिसत नव्हतं, स्वतःच्या अहवालात दिसत होतं.

दोन वर्षं हे प्रकरण चाललं होतं. आईबापांनी चमचे वाटून घेतले, पुस्तकं वाटून घेतली. राहतं घर कोणाचं हे ठरेना, तेव्हा न्यायालयानं त्याला दोन कुलपं लावली. एकाची चावी त्याच्याकडे, दुसऱ्याची तिच्याकडे, म्हणजे एकट्यानं कोणी आत जायला नको. खारूबद्दलचे निर्णय मात्र दोघांनी मिळून घ्यायचे होते, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. खारू झोपाळ्यावरून पडली, कोपर मोडलं. आईला एक डॉक्टर हवा होता, बापाला दुसरा. दोघांचे वकील एकमेकांना नोटिसा पाठवत राहिले आणि तोवर हाड वाकडं जुळून बसलं.

म्हणून बाईंनी लिहिलं होतं की वर्षभर दोघांचाही निर्णयाचा अधिकार थांबवावा, मुलगी परगावी आत्याकडे राहावी, आणि आत्यानं तिच्या हाताचं काय ते बघावं. अहवालाच्या प्रती दोघांना मिळाल्या होत्या. सोमवारी न्यायाधीश आदेश देणार होते.

आणि सोमवारच्या आत पोर नाहीशी झाली होती.

"आज तुम्ही बाकावर का थांबलात?" बाईंनी आईला विचारलं. "एरवी तर सोडलं की पाठ फिरवून जाता."

"पाय दुखत होते."

दिवसाचे चार तास पाण्यात पाय मारणारी ही बाई. आईनं मान फिरवली.

३

मामाला फौजदारांनी टेम्पोसकट बोलावून घेतलं. आडदांड गडी, पण डोळे पाणावलेले. "भाचीला उचलून नेईन" असं त्यानं दोनदा भर न्यायालयात म्हटलेलं होतं, त्यामुळे टेम्पोची झडती आधी झाली. आत रिकाम्या गोणपाटांशिवाय काही नव्हतं.

"तोंडाचा फाटका आहे मी, बाई," तो म्हणाला, "पण पोर चोरणारा नाही. आणि तुमच्याशी फोनवरच होतो ना मी तेव्हा? तुम्हीच साक्षीदार!"

"तेच विचारायचंय. फोन नेमका तेव्हाच का केलात?"

"ताईनं सांगितलं म्हणून. म्हणाली, मनातलं काय ते बाईंना थेट सुनाव. शनिवारी दुपारी त्या मोकळ्या असतात."

बाई चालता चालता थांबल्या. शनिवारी दुपारी त्या कधीच मोकळ्या नसत. तीच तर खारूची वेळ, आणि ते तिच्या आईइतकं चांगलं दुसऱ्या कोणाला माहीत असणार?

"ऐकलंत?" मामा गेल्यावर फौजदार म्हणाले. "भावाला फोनवर गुंतवलं, दार किलकिलं केलं, पोर बाहेर. आता आईला ठाण्यावर नेऊन विचारतो, कुठं ठेवलीस म्हणून."

"पण दिली कोणाकडे?" बाई म्हणाल्या. "ती तर बाकावरून हललीसुद्धा नाही. भाऊ फोनवर होता. तिचं दुसरं आहे कोण?"

"तेच तर विचारायचं." फौजदार टोपी घालून उठले.

आई मुकाट्यानं त्यांच्याबरोबर गेली. एवढी भांडखोर बाई, पण वकिलाला बोलवा असंही म्हणाली नाही. जाताना तिनं खारूचं दप्तर मात्र मागून घेतलं. तीन वाजल्यापासून पोर सापडत नाही आणि ही आई दप्तर कसलं नेते? बाईंच्या मनात ते कुसळासारखं टोचत राहिलं.

४

उन्हं उतरल्यावर बाप परत आला. सगळीकडे शोधलं म्हणाला. तलाव, शाळा, मैत्रिणींची घरं. बाईंनी त्याला समोर बसवलं. स्वतः मात्र उभ्याच होत्या.

गेली दोन वर्षं हा माणूस आईचं नावसुद्धा घेत नसे, "ती बाई" म्हणे. तिच्याविरुद्ध बारीकसारीक काही मिळालं की तो धावत बाईंकडे यायचा. खारूचा डबा थंड होता, मोजे ओले होते, गृहपाठाला सही नव्हती. आता तर बाईंनी त्याच्यासमोर आयतं ताट वाढून ठेवलं.

"मागचं दार आतून बंद होतं. वर कडी असते, बाहेरून तुम्हाला ती दिसत नाही. त्यामुळे खारू गेली ती पुढच्याच दारानं. तिची आई खोटं बोलतेय, हे आता सिद्धच आहे. फौजदार तिला ठाण्यावर घेऊन गेलेत."

तो उसळेल, टेबलावर मूठ आपटेल, "मी सांगत होतो!" म्हणून ओरडेल, अशी बाईंची अपेक्षा होती.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"कडी?" तो हळूच म्हणाला. मग घाईघाईनं, "नाही बाई, कडीवरून काय ठरतं? खारूची आई असं करणार नाही. ठाण्यावर कशाला नेलं तिला? पोर आपसूक गेली असेल बाहेर, नजर चुकवून. येईल. आणि अनोळखी माणसाबरोबर ती जायची नाही, एवढं आम्ही तिला शिकवलंय."

"हं," बाई म्हणाल्या.

तो गेला. आवारात त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, पण बाई दाराशी तशाच खिळून राहिल्या. दोन वर्षं खडे वेचणाऱ्याच्या हातात आज धोंडा दिला, तर त्यानं तो अलगद खाली ठेवला. आणि काहीतरी एक शब्द बोलला होता. साधाच, रोजचा शब्द. या माणसाच्या तोंडून तो पूर्वी कधी ऐकला नव्हता एवढं नक्की. पण कोणता?

५

तो आठवायच्या आत आत्या येऊन धडकली. पोर हरवल्याचं कळताच ती निघाली होती आणि बसमधून उतरून थेट न्यायालयात आली होती. बापाची थोरली बहीण, जन्मभर रुग्णालयात परिचारिका होती, नुकती निवृत्त झाली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"मी काही मागायला आले नव्हते हो, बाई. तुम्हीच म्हणालात, पोरीचं भलं होईल, म्हणून हो म्हटलं. माझ्यामुळेच ती..."

तिच्या पिशवीतला फोन वाजला. नंबर अनोळखी होता. आत्यानं कानाला लावला आणि मटकन खुर्चीत बसली. बाईंनी फोनचा आवाज मोठा केला.

"आत्या, मी खारू. रडू नकोस हं. मी हरवले नाहीये."

"अगं बये! कुठं आहेस तू?"

"ते नाही सांगायचं. आमच्या घरात धूळच धूळ आहे, मला सारख्या शिंका येताहेत." पलीकडे खरंच एक शिंक ऐकू आली. "आत्या, समुपदेशक बाई आहेत का तिथं?"

"आहेत गं. इथंच आहेत."

"मग बरं झालं," खारू म्हणाली, आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागेना.

आत्या फोनकडे बघत बसली. बाईंनी मात्र पर्स उचलली होती.

"उठा, आत्याबाई. मला कळलं ती कुठं आहे ते. आणि तुमच्या भावाचा तो शब्दही सापडला."

६

टॅक्सीत बाईंनी आत्याला सगळं उलगडून सांगितलं. बोलताना त्यांची बोटं मांडीवर सारखी ताल धरत होती.

"दोन वर्षं मी खारूशी बोलतेय. ती 'आईचं घर' म्हणते, 'बाबांचं घर' म्हणते. 'आमचं घर' असं एकदाही म्हणालेली नाही. आज म्हणाली. आणि वर धूळ आहे म्हणाली. राहत्या घरात एवढी धूळ कुठून येणार? आमचं म्हणावं असं तिचं एकच घर उरलंय, आणि ते दोन वर्षं बंद आहे."

"पण त्याला तर दोन कुलपं आहेत! माझ्या भावाकडे चावी एकच."

"म्हणूनच तिथं कोणी बघितलं नाही. एकट्या बापाला ते उघडत नाही, एकट्या आईला उघडत नाही. पण तुमचा भाऊ मघाशी काय म्हणाला सांगू? 'आम्ही तिला शिकवलंय.' दोन वर्षं तो 'मी' म्हणत होता आणि 'ती बाई' म्हणत होता. हा 'आम्ही' कधीपासून सुरू झाला?"

आत्या त्यांच्याकडे वळून बसली.

"आता दुपार परत बघा. आईनं भावाला माझ्या मागे लावलं. मी केबिनमध्ये गेले, तशी खारू पुढच्या दारानं आईसमोरून बाहेर आली. आईची चावी पोरीच्या खिशात असणार. व्हरांड्याच्या टोकाला बोळ आहे, तो मागच्या आवारात निघतो. तिथं बापाची गाडी उभी. फ्रीजच्या खोक्यांमागे पोर बसली, आणि बाप साळसूदपणे गाडीला टेकून उभा राहिला. मग दोघं आमच्यासमोर कडाकडा भांडले. ते भांडण ऐकायची आम्हाला सवयच, कोण संशय घेणार? आणि शोधायला जातो म्हणून तो गाडीसकट निघून गेला. कडी आतून बंद होती, म्हणून त्या गाडीत डोकावावं असं मलाही सुचलं नाही, फौजदारांनाही नाही."

"पण शनिवार-रविवार पोर त्याच्याकडेच असते. सरळ घेऊन गेला असता आणि आणलीच नसती परत."

"मग गुन्हेगार तो एकटा ठरला असता. तिनं ठेवून घेतली असती तर ती एकटी. दोघांचा बेत असा होता की कोणा एकावर ठपका यायला नको. दोन दारं, दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार, आणि पोर हरवली न्यायालयाच्या खोलीतून. कडीचं तेवढं बापाला ठाऊक नव्हतं. तिच्यामुळे सगळं आईवर शेकलं, तेव्हा त्याचा तोल गेला."

टॅक्सी थांबली. तिसऱ्या मजल्यावर दाराची दोन्ही कुलपं उघडी लटकत होती. आतून कोणीतरी शिंकलं.

७

दार आईनंच उघडलं. फौजदारांना तिच्याविरुद्ध काही सापडेना, तेव्हा ठाण्यावरून सुटून ती सरळ इथंच आली होती. हातात ओलं फडकं, केसांत कोळिष्टकं. मागे बाप सोफ्यावरची जुनी चादर झटकत होता, आणि खारू जमिनीवर बसून दप्तरातलं पुस्तक वाचत होती.

खारूनं पुस्तक मिटलं. मग आत्या भावाच्या अंगावर धावून गेली. "अरे गाढवा, मला तरी सांगायचंस! मी काय पोर गिळणार होते?"

"कोणाला सांगणार, ताई?" तो खाली बघत म्हणाला.

"न्यायाधीशांना," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "मला सांगायचं होतंत! पोरीला गाडीत लपायला शिकवलंत, पोलिसांशी खोटं बोललात. दोन वर्षांत एकमतानं केलेलं पहिलं काम कोणतं, तर हे!"

"दुसरं," आई म्हणाली. तिचा तो दणदणीत आवाज आता जेमतेम ऐकू येत होता. "तुमचा अहवाल वाचला आणि मी यांना फोन केला. दोन वर्षांत पहिल्यांदा. हाताचं ऑपरेशन कुठल्या डॉक्टरकडे करायचं, ते त्या एका फोनमध्ये ठरलं. तेवढ्यासाठी किती तारखा घालवल्या आम्ही. दुसऱ्या दिवशी वकिलांना सांगितलं, आमचं जमलंय, मागे घ्या सगळं. ते म्हणाले, खुळ्या आहात का? समोरच्याचा डाव आहे हा. यांच्या वकिलांनीही यांना तेच सांगितलं."

"आणि तुमच्याकडे यायचं, तर कुठल्या तोंडानं?" बाप म्हणाला. "आम्ही एकमेकांबद्दल जे जे बोललो, ते सगळं तुमच्या अहवालात आहे. एक शब्दही खोटा नाही त्यात. आमच्यावर आम्हीच विश्वास ठेवला नसता. वाटलं, सोमवार टळला की थोडा वेळ मिळेल."

अहवाल खरा होता, आणि समोर दिसत होतं तेही खरं होतं. त्यांनी खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

"उठा," शेवटी त्या म्हणाल्या. "आधी ठाण्यावर जायचं, आत्ताच्या आत्ता. सोमवारी मी सगळं सांगणार आहे. तुम्ही केलेला गुन्हाही सांगणार, आणि तो दोघांनी मिळून केला हेही."

सोमवारी बाईंनी तसंच केलं. न्यायाधीशांनी आईबापांना उभं करून असं काही फैलावर घेतलं की मामासुद्धा मागच्या बाकावर अंग चोरून बसला. न्यायालयाच्या अवमानाची वेगळी सुनावणी लागली, ती टळली नाही. पण आदेश बदलला. खारू परगावी जाणार नव्हती. आत्यानं त्या बंद घरात येऊन तिच्याजवळ राहायचं, आईबापांनी पाळीपाळीनं तिथं यायचं. हाताचं ऑपरेशन दोघांनी ठरवलेल्या डॉक्टरकडेच व्हायचं. यापुढे एखाद्या गोष्टीवर दोघांचं ठरेना, तर वकिलांकडे धावायचं नाही, आत्या म्हणेल ते शेवटचं.

बाहेर व्हरांड्यात आईबापांचं लगेच सुरू झालं. ऑपरेशनच्या दिवशी रजा कोणी घ्यायची यावरून. पण वकील मध्ये नव्हते, दोघं थेट एकमेकांशी भांडत होते. आत्या मध्ये पडायला गेली. बाईंनी खारूला जरा बाजूला घेतलं.

"एक सांग. फोन करायचा नाही असं बाबांनी बजावलं होतं ना? फोन तर अडीअडचणीला दिला होता. मग आत्याला का केलास?"

खारू नख कुरतडत होती. "मी हरवल्याचं कळलं की आत्या बस पकडून तुमच्याकडेच येणार, मला माहीत होतं. आणि घरातल्या धुळीचं सांगितलं की तुम्हाला कळणारच."

"म्हणजे मी यावं म्हणून?" बाई खाली वाकल्या. "का गं? तुला आवडलं नव्हतं तिथं?"

"खूप आवडलं होतं." खारूनं आईबापांकडे एकदा बघून घेतलं. "पण शुक्रवारी फोनवरच त्यांचा आवाज चढायला लागला होता. चादरी कोणी आणायच्या त्यावरून. सोमवारपर्यंत काही टिकलं नसतं, बाई. म्हटलं, दोघं एका खोलीत आहेत आणि भांडत नाहीयेत, तोवर तुम्ही येऊन बघून जावं."